उभी, आडवी आणि न आलेली

आक्का,

तुझा जलदान विधी आटोपला. बौद्धाचार्य निघून गेले, तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या विझत आल्या आणि मंदामावशी माझ्याजवळ आली. तुझी शेजारीण, तुझ्याबरोबर उन्हातान्हात फिरलेली, म्हणून मला वाटलं धीराचे दोन शब्द बोलेल. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ, आक्काचा मयतीचा दाखला मिळाला का? एक झेरॉक्स मला दे. यादीतनं नाव काढाया पायजे तिचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोवरचा हारसुद्धा अजून सुकला नव्हता. "मावशी, माणूस जाऊन आठवडा झाला न्हाई आन तुमी नाव काढायला निघाला?" असं मी बोललोच, आणि चार बायकांनी वळून बघितलं. मावशी रागावली नाही. "ती आसती तर तिनंच मागितला आसता," एवढं म्हणून ती वाढायची भांडी मांडायला गेली.

खरंच होतं ते. दारूबंदीच्या मतदानाआधी तू हेच वाक्य घेऊन दारोदार हिंडली होतीस. कुणाची सासू, कुणाची चुलती, कुणाची लेक, गेलेल्या सगळ्या बायका मतदार यादीत अजून जिवंत होत्या आणि तू त्यांचे दाखले मागत होतीस. दोन घरांत तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. एकीनं तर तोंडावर सांगितलं की आमच्या आत्याबाईंना दुसऱ्यांदा मारायला आलीस काय. तू ते मला फोनवर हसत हसत सांगितलंस. मीही हसलो. तेव्हा माझ्याकडूनही तुला एक दाखला हवा होता, आपल्या आईचा, आणि तो मी दिला नव्हता.

देशी दारूचं ते दुकान एस.टी.च्या थांब्यापासून विहाराकडं जाणाऱ्या वाटेवर उघडलं, तेव्हा गावातल्या पुरुषांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. परवान्याचं दुकान आहे, बंद कुठून होणार, असं मी म्हणालो होतो. आपल्या घरात पिणारं कुणी नाही. दाजी होते तोवर त्यांनी कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. ते गेल्यावर तू आईच्या घरी परत आलीस, भाताची खाचरं सांभाळलीस, आईचं शेवटचं सगळं केलंस. "तुला काय त्रास आहे त्या दुकानाचा?" असं मी विचारलं, तर म्हणालीस, "मला कशाचा तरास? मी म्हातारी. पन कालिजातनं येनाऱ्या पोरी आता एस.टी.तनं उतरून मागल्या बांधावरनं येत्यात. चिखलातनं. सरळ वाट आसून."

मग तू कुठून कुठून माहिती काढलीस. बायकांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद कर. मत फक्त बायकांचं. गावातले बाप्ये त्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहणार, याच गोष्टीची तुला आधी गंमत वाटली. "जन्मात पयल्यांदा तुमी बाहेर आन आमी आत," म्हणालीस.

आणि नियम. तो नियम तू मला निदान तीनदा सांगितलास. आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे, यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीची, आणि जी मेली पण यादीत राहिली तीही उभ्या बाटलीची. मला वाटलं, तू नेहमीसारखं तिखटमीठ लावून सांगतेस. असा कुठं कायदा असतो का? मी हो हो केलं. एका कानानं ऐकत होतो, दुसरा कान टेबल नंबर चारच्या ऑर्डरकडे होता.

कारण मी परमिट रूमचा कॅप्टन. लोणावळ्याच्या हॉटेलात माझी नोकरी दारू वाढण्याची, आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं गावात दारूबंदीची मोहीम काढलेली. हॉटेलातल्या पोरांनी मला किती पिडलं असेल, तूच विचार कर. "साहेब, उद्यापासून लस्सी चालू करायची का?" मी वरवर हसायचो आणि आतून तुझ्यावर चिडायचो. विहारात पौर्णिमेला पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या त्या शीलाला, माझा आवाज आपोआप खाली यायचा. तुझ्या ते लक्षात आलं होतं. एकदा बाहेर पडताना विचारलंस, "पाचव्यालाच घसा बसतो व्हय रं तुझा?" तू थट्टा केलीस आणि चप्पल घालून निघालीसही. मी मात्र ते वाक्य महिनोनमहिने चघळत बसलो.

नोकरी सोड, असं तू मला एकदाही म्हणाली नाहीस. हे मला आता नीट आठवतं. भांडण आपलं झालं, चांगलं दोनदा झालं, पण त्यातली तुझी वाक्यं मीच मनाशी तयार करून त्यांना उत्तरं देत होतो. "आमचं घर ह्याच्यावर चालतं, आक्का," मी ओरडलो होतो. तू शांतपणे म्हणालीस, "चालू दे की. तुझ्या हाटेलात येनारा गाडीत बसून आला आन गाडीत बसून गेला. हितला मानूस रोज सांजच्याला वाटंवर पडतोय. तितं उभी आसंल, हितं आडवी कर म्हनते मी." एवढं साधं होतं. मला ते पटलं असतं तर माझ्याकडं चिडायला काही उरलं नसतं, म्हणून मी पटवून घेतलं नाही.

शैलाचं नाव अजून गावच्याच यादीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा चढवलं, पुढं लोणावळ्याला आलो तरी बदलायचं राहून गेलं. तू तिला आधीच सांगून ठेवलं होतंस. बाहेर राहणाऱ्या बायकांसाठी तू जीपा ठरवल्या होत्यास, त्यातली एक लोणावळ्याहून निघून मळवली, कामशेत करत गावात जाणार होती. त्या रविवारी सकाळी शैला तयार होऊन बसली. पांढरी साडी, केसांत गजरा. मी म्हणालो, "तू जाऊ नकोस."

"का?"

"आपण मधे पडायला नको. आक्काच्या विरोधातही नको आणि धंद्याच्या विरोधातही नको. तू कुणालाच मत देऊ नकोस, म्हणजे प्रश्न मिटला. मध्यम मार्ग."

मध्यम मार्ग! बुद्धाचा शब्द मी कुठं वापरला बघ.  शैलानं गजरा काढून देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढं ठेवला. कोपऱ्यावर जीपचा हॉर्न दोनदा वाजला. मी गॅलरीतून हात हलवून पुढं जा म्हणून खूण केली आणि ड्यूटीला निघून गेलो. न जाणं म्हणजे कुणाच्याच बाजूला नसणं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तू तीनदा सांगूनसुद्धा.

संध्याकाळी मोजणी होती. सुट्ट्या लागून आल्यामुळं आमच्याकडं पाय ठेवायला जागा नव्हती. कामशेतच्या कुणा पत्रकारानं शाळेच्या व्हरांड्यातून फेसबुकवर लाईव्ह लावलं होतं, आणि मी काउंटरवर बर्फाच्या बादलीला टेकवून मोबाईल उभा केला. आपली शाळा दिसली. पेटी टेबलावर उपडी केली. सरकारी माणसं एकेक कागद उलगडून वर धरत होती आणि मोठ्यानं पुकारत होती. आडवी. आडवी. उभी. आडवी. मधूनच चित्र अडकायचं, गोल गोल फिरायचं, आणि परत सुरू झालं की आधी ऐकू यायचं ते "आडवी". फाटकाबाहेर बाप्ये उभे, आपल्या आळीतले आणि वरच्या आळीतले पाटलांकडचेही, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. आतलं बघायला त्यांनाही आमच्यासारखंच लाईव्ह लावावं लागत होतं. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून तू. एकदाच दिसलीस. हात पदराखाली घेतलेले.

काउंटरवरच्या मुंबईच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, कुठली मॅच आहे? मी सांगितलं. त्यांना ते भलतंच आवडलं. दोन टेबलांवरची माणसं उठून आली. "आडवी" आलं की ग्लास उंचावायचे, "उभी" आलं की अरेरे म्हणायचे. परमिट रूममध्ये भरल्या ग्लासांनी दारूबंदीचा जयजयकार चालला होता आणि मी त्यांना बर्फ घालत होतो. वाईट याचं वाटतं की मला त्यात मजा आली. अभिमानही वाटला. "ती कोपऱ्यातली माझी बहीण," मी सगळ्यांना दाखवलं. सकाळी त्याच बहिणीची जीप मी हातानं पुढं ढकलली होती, ते त्या क्षणी माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

आडव्या बाटलीचा गठ्ठा उभीच्या तिप्पट झाला असेल. मी तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मग मेसेज टाकला, आक्का जिंकलीस, जयभीम. आमच्याकडचा किसन वेटर ड्यूटी संपवून कामशेतला घरी निघाला होता. समोरच्या दुकानातून चिक्कीचे चार मोठे बॉक्स घेतले आणि त्याच्या हातात दिले. आक्काच्या घरी पोचव, गावात वाट म्हणाव तिला. तो लोकल पकडायला पळाला.

त्यानंतर थोड्या वेळानं तुझा फोन आला.

"जिंकलो न्हाई रं," तू म्हणालीस.

"म्हणजे? मी बघितलं की. आडवी कितीतरी जास्त आहे."

"आडवीच जास्त हाय. पन निम्म्याला नऊ कमी पडली. साहेबांनी सांगितलं, दुकान चालूच राह्यचं."

मागं कुणीतरी फटाके वाजवत होतं. ते कुणाच्या बाजूचे होते हे मी विचारलं नाही.  तू मधेच म्हणालीस, "शैलाला बरं हाय का?"

"हो, ठणठणीत आहे. का गं?"

"न्हाई. सहजच. ठीक हाय मग. ठेवते."

मी बर्फाची बादली उचलली आणि मोबाईल खिशात टाकला. गिऱ्हाइकांना सांगितलं, हरलो. ते हळहळले आणि दुसरा राउंड मागवला.

किसन चिक्की घेऊन पोचला तेव्हा तुझ्या ओट्यावर बायका रडत बसल्या होत्या. त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याला वाटलं बॉक्स परत न्यावेत. तू म्हणालीस, "भावानं धाडलीय, परत कशी जाईल?" आणि सगळ्यांना हातात एकेक तुकडा दिलास. अशी हरलेल्यांची चिक्की वाटलीस तू. माझ्याजवळ त्याबद्दल शब्द काढला नाहीस. मी पुढच्या पौर्णिमेला आलो तेव्हा फक्त म्हणालीस, शेंगदाण्याची चांगली होती, तिळाची कडक होती, मंदाचा दात हलला.

मी मनाशी हिशेब मांडून मोकळा झालो होतो. नऊ कमी पडली. शैला गेली असती तर आठ. म्हणजे माझ्यामुळं काही बिघडलं नाही. हा हिशेब मी इतके महिने जपला. तू होतीस तोवर तो चालला.

परवा जलदान विधीला शैला बायकांमध्ये बसली होती. पुरणपोळी वाढता वाढता आळीतल्या कान्ह्याची बायको तिला म्हणाली, "आता कशी हाय गं तब्येत? त्या मतदानाच्या टायमाला लय आजारी व्हतीस म्हनं." शैलानं पातेल्यावरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. मंदामावशी म्हणाली, "तापानं फणफणली व्हती. आक्कानं सांगितलं व्हतं की."

मी मावशीला बाजूला घेतलं. आधी तिच्यावर ओरडलो होतो, तरी तिनं सांगितलं. त्या सकाळी शैला जीपमध्ये बसली नाही हे बघून आतल्या दोघी उतरायला लागल्या होत्या. म्हणाल्या, तिची सख्खी भावजय येत न्हाई तर आमी कशाला सुट्टी घालवायची? ड्रायव्हरनं तुला फोन लावला. तू एका दमात सांगितलंस, शैला तापानं फणफणलीय, डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलंय, न्हाईतर पयली तीच बसली असती. दोघी परत बसल्या. पुढं तळेगावची जीप, वराळ्याची जीप, सगळीकडं तू तेच सांगितलंस.

तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस, आक्का. आपण लहानपणी कामशेतच्या फलाटावर पानाच्या द्रोणात करवंदं विकायचो, तेव्हा कालची करवंदं ताजी म्हणून खपवली म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलायला, हसायला, हात जोडायला तूच शिकवलंस. आज मला हॉटेलात कॅप्टन म्हणतात ते त्या फलाटामुळं. आणि अख्ख्या मोहिमेत तू एकच खोटं बोललीस, ते माझं नाक राखायला. वर त्या संध्याकाळी मला विचारलंस, शैलाला बरं हाय का. मला एक वाट काढून दिली होतीस. मी ताप आहे म्हणालो असतो तर तुझं खोटं सांभाळलं असतं, खरं सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं. आणि मी म्हणालो, ठणठणीत!

गाडीत परत येताना शैला एवढंच बोलली, "मला त्या दिवशी जायचं होतं." मी मान हलवली. 

आता आईचं सांगतो. दाखला हरवला नव्हता. तू विचारायचीस, मी शोधतो म्हणायचो. तो कपाटात, माझ्या शर्टांच्या खाली होता. मला द्यायचा नव्हता. रेशन कार्डावरून आईचं नाव गेलं, बँकेतून गेलं, सात-बाऱ्यावरून गेलं. त्या एका यादीत तेवढी ती उरली होती, वय वाढत चाललेलं, नाव छापलेलं. ते मीच खोडायचं? शेवटी एकदा तुला सांगितलंही, "आईचं तेवढं राहू दे गं." तेव्हा तू पहिल्यांदा आवाज चढवलास. "आई जन्मात दारूच्या दुकानाम्होरनं गेली न्हाई, आन तू तिला बाटलीच्या रांगेत उभी करतोस व्हय?" मी फोन ठेवून दिला. ते भांडण तिथंच राहिलं. यादीत आई राहिली आणि मोजली गेली, उभ्या बाटलीकडं.

काल मी वडगावला तहसील कचेरीत गेलो. आईचा दाखला शर्टांखालून काढला. तुझा ग्रामपंचायतीतून परवाच मिळाला होता, त्यावरची शाई अजून गडद आहे. नाव कमी करायचे दोन अर्ज भरले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दोघी एकाच घरातल्या?" मी हो म्हणालो. "माझी आई आणि बहीण." त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "आईंचं इतक्या उशिरा?" मी म्हणालो, "हो. चूक झाली." शिक्का मारून त्यांनी पोच दिली.

बाहेर कट्ट्यावर बसून मंदामावशीला फोन केला. पुन्हा मतदान मागायला वर्ष जावं लागतं म्हणे, ते आता संपत आलंय आणि सह्या परत सुरू झाल्यात. पहिली सही शैलाची आहे. जलदान विधीच्या दिवशी तुझ्याच ओट्यावर बसून तिनं ती केली, मला न विचारता. मावशीनं विचारलं, "दोन्ही नावं दिली का रं?" दिली म्हणालो. ती पलीकडं मनाशी काहीतरी पुटपुटत होती. मग म्हणाली, "दोन नावं गेली की निम्मं एकानं खाली येतंय, भाऊ. म्हंजे दोघींनी मिळून एक मत दिलं म्हनायचं."

मी कचेरीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत रडलो, आक्का. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा इतका रडलो नव्हतो.

नोकरी सोडलेली नाही. सोडेन असंही खोटं सांगत नाही, तुला ते चालणार नाही. आज संध्याकाळीही ड्यूटी आहे. पण मतदानाच्या दिवशी जीप आमच्या कोपऱ्यावर येईल तेव्हा मी खाली उभा असेन. शैलाला बसवेन, त्या दोघींना बसवेन आणि मागच्या दारापाशी कुणी विचारलंच, की मागच्या वेळी वहिनी का नव्हत्या, तर सांगेन. तिला ताप नव्हता, मीच जाऊ दिलं नाही.